डाउनलोड झाले, पण ठेवले कुठे?

जून महिना लागला की शाळेच्या कचेरीपुढे पालकांची गर्दी होते. कोणाला पहिलीत प्रवेश हवा असतो, कोणाला शाळा सोडल्याचा दाखला, तर कोणी शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही-शिक्का घ्यायला आलेले असते. आम्ही कागद मागितले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "फोनमध्ये आहे, सर." मग फोन उघडला जातो. बोट वर जाते, खाली येते. लग्नाचे फोटो जातात, जुम्मा मुबारकची फुले जातात, कांद्याच्या भावाचे मेसेज जातात, पण दाखला काही सापडत नाही. शेवटी ती माऊली म्हणते, "मुलाला माहीत आहे. तो नाशिकला कामाला असतो. रात्री विचारते आणि उद्या येते." आमच्या विंचूरला कांद्याच्या खळ्यावर रोजाने जाणाऱ्या बाईचा त्यापायी आणखी एक दिवस बुडतो.

पूर्वी घराघरात पत्र्याची एक पेटी असे. तिची किल्ली अम्मीच्या नाहीतर दादीच्या कमरेला असे. दादीला अक्षरओळख नसली तरी कोणता कागद कोणता, हे ती घडीवरून, रंगावरून आणि शिक्क्यावरून ओळखी. दिवे गेलेले असले तरी तिचा हात बरोबर रेशनकार्डावर पडे. आज त्या पेटीतले निम्मे कागद फोनमध्ये गेले आणि किल्ली घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे गेली. कागद वाढले, पण ते कुठे आहेत हे जाणणारी माणसे कमी झाली. आमचे म्हणणे एवढेच आहे की, फोनमधला कागद घरातल्या निदान दोन माणसांना, आणि त्यातल्या एका बाईला, कोणालाही न विचारता काढता आला पाहिजे. तेव्हाच तो घरचा कागद झाला असे समजावे.

या गोष्टीची किंमत २०२१ साली अनेक घरांनी मोजली. कोविडच्या तपासणीचा अहवाल त्या दिवसांत बहुधा मोबाइलवरच येई, कधी मेसेजमधली लिंक म्हणून, तर कधी व्हॉट्सॲपवरची पीडीएफ म्हणून. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडने दगावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याची योजना मान्य केली. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. तपासणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, असा नियम होता. म्हणजे अहवालावरची तारीख फार मोलाची ठरली. आमच्या ओळखीच्या एका घरी तो अहवाल मरहूम कर्त्या माणसाच्या फोनमध्ये होता आणि फोन त्यांच्या बोटाच्या ठशाने उघडत असे. इद्दतीत बसलेल्या बाईला आपल्या शौहरचा फोन उघडता येईना. दिराने प्रयोगशाळेत खेपा घालून नवी प्रत मिळवली, तेव्हा कुठे अर्ज भरला गेला. पैसे मिळाले, अलहम्दुलिल्लाह. पण दुःखाच्या दिवसांत ती वणवण टळली असती तर बरे झाले असते.

कागदांची गरज आता कमी होणारी नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाची जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच धरला जाणार आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी यांसारख्या इतर मागासवर्गात मोडणाऱ्या बिरादऱ्यांना जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो बहुधा दादांच्या किंवा परदादांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा असतो. गावोगाव फिरून मिळवलेला तो उतारा कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तो शेकडो फोटोंत मिसळून जातो. दोन वर्षांनी चुलतभावाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा असतो, तेव्हा पुन्हा शोधाशोध सुरू होते.

कागद सांभाळण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. 'दफ्तर' हा शब्द उर्दूत कचेरीसाठी आहे, तर मराठीत त्याचे 'दप्तर' झाले. मुलांच्या पाठीवर जाते तेही दप्तर आणि पुण्याला पेशव्यांचे कागद आहेत तेही दप्तरच. पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. त्या दप्तरातून निवडलेले कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून काढले. आमच्या विंचूरचे नाव ज्यांच्या घराण्याला चिकटले, ते पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरही त्याच पेशवाईतले. दीड-दोनशे वर्षांनी ते कागद हाती लागले, कारण ते एका जागी होते आणि बांधून ठेवलेले होते. फोनमधला 'फोल्डर' म्हणजे तोच रुमाल. तो बांधायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची, एवढेच काम आहे.

त्यासाठी आधी हे कळायला हवे की फोनमध्ये आलेली फाइल एकाच जागी जात नाही. क्रोममधून, म्हणजे एखाद्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये जाते. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहते. पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, तिसऱ्याच जागी पडतो. यूट्यूबवर 'डाउनलोड' केलेली तकरीर किंवा धडा त्या ॲपच्या पोटातच असतो. तो फोनमध्ये फाइल म्हणून दिसत नाही आणि कोणाला पाठवताही येत नाही. ईमेलला जोडून आलेला कागद नुसता उघडून पाहिला, तर तो फोनमध्ये उतरलेला नसतो. खाली जाणाऱ्या बाणाच्या चिन्हाला हात लावल्यावरच तो उतरतो. व्हॉट्सॲपवरही बाण दिसत असेल तर फाइल अजून आलेली नाही असे समजावे. बरेच दिवस तिला हात लावला नाही, तर पुढे ती उतरतही नाही आणि पाठवणाऱ्याला पुन्हा मागावी लागते.

हे सगळे कोपरे एका ठिकाणाहून पाहण्याची सोय जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. अँड्रॉइड फोनवर तिचे नाव 'फाइल्स', 'माय फाइल्स' किंवा 'फाइल मॅनेजर' असे असते. ते उघडले की डाउनलोड, इमेज, व्हिडिओ, ऑडिओ, दस्तऐवज असे कप्पे दिसतात. 'दस्तऐवज' या कप्प्यात व्हॉट्सॲपच्या आणि क्रोमच्या पीडीएफ एकत्र दिसतात. हरवलेल्या कागदाचा शोध तिथून सुरू करावा. वरच्या बाजूला तारखेप्रमाणे लावण्याची सोय असते. ती निवडली की नुकताच आलेला कागद सर्वांत वर येतो. आखाती देशांत असलेल्या नातेवाइकांकडून आलेला आयफोन किंवा आयपॅड घरी असेल, तर त्यातही २०१७ पासून 'फाइल्स' नावाचे ॲप आहे आणि त्यात 'डाउनलोड्स' हे फोल्डर सापडते.

व्हॉट्सॲपच्या फाइलींची नावे पाहून अनेक जण घाबरतात, पण त्यातही खूण असते. 'आयएमजी-२०२५०६१२-डब्ल्यूए०००७' असे नाव दिसले तर ते १२ जून २०२५ च्या तारखेचे चित्र आहे आणि त्या दिवसाचे सातवे किंवा आठवे आहे. 'डीओसी'ने सुरू होणारी फाइल म्हणजे कागद. कोणत्या सुमारास कागद आला हे आठवत असेल, तर या आकड्यांवरून माग काढता येतो.

आता नावाविषयी. आम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून ही अडचण आमच्या लवकर ध्यानात येते. आपल्या घरांत तीन लिपी नांदतात. एकच शब्द घ्या, 'दाखला'. मराठीत तो प्रमाणपत्र आहे, उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. माणसाला संदर्भावरून कळते, फोनला कळत नाही. मुलाने इंग्रजी अक्षरांत नाव दिले, अब्बांनी देवनागरीत शोधले आणि आपा उर्दू कीबोर्डवर टाइप करून बसल्या, तर फाइल समोर असूनही सापडत नाही. फोन अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. त्यातून उर्दू नाव उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकत्र आले की पडद्यावर क्रम उलटसुलट दिसतो. शिवाय उर्दूतले कितीतरी कागद, जसे की जुनी सनद, मदरशाचे प्रमाणपत्र, हाताने लिहिलेला निकाहनामा, हे फोटोच असतात. त्यांच्या आतला मजकूर शोधून फोनला सहसा सापडत नाही. नाव हीच त्यांची एकमेव ओळख.

म्हणून घराने एकदा बसून लिपी ठरवावी. घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला जी वाचता येते ती निवडावी. मग प्रत्येक कागदाला तीन गोष्टींचे नाव द्यावे: कोणाचा, कशाचा, कोणत्या वर्षाचा. 'सना-जन्मदाखला-२०१९', 'दादा-शाळाउतारा-१९५८', 'अम्मी-रेशनकार्ड-२०२४'. फाइलवर बोट दाबून धरले किंवा तीन ठिपक्यांना हात लावला की 'नाव बदला' असा पर्याय येतो. एका नावाला अर्धा मिनिट लागतो. काही संकेतस्थळांवर देवनागरी नावाची फाइल चढवताना अडचण येते. तेव्हा तिची नक्कल काढून त्या नकलेला इंग्रजी नाव द्यावे, मूळ फाइल तशीच राहू द्यावी.

नाव दिले की रुमाल बांधावा. 'घरचे कागद' असे एक फोल्डर करावे आणि त्यात माणसागणिक एक फोल्डर ठेवावे. व्हॉट्सॲपमधली फाइल तिथे ठेवताना 'हलवा' न निवडता 'कॉपी करा' निवडावे. हलवली तर व्हॉट्सॲपवरच्या त्या मेसेजवरून ती पुन्हा उघडत नाही आणि घरात गोंधळ उडतो. एकच फाइल चार वेळा उतरवली की फोन तिच्यापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे घालतो. त्यातली शेवटची उघडून पाहावी, ती नीट असेल तर बाकीच्या काढून टाकाव्या.

इथे कोणी म्हणेल, फोनमध्ये जागाच नाही. जागा कोण खाते ते पाहा. आपल्या देशातले फोन सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरून बंद पडतात, हे गूगलच्या संशोधकांच्या लक्षात आले होते. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने त्याची बातमी छापली होती. गूगलने ५ डिसेंबर २०१७ रोजी 'फाइल्स गो' हे ॲप दिल्लीतच जाहीर केले. पुढे त्याचेच नाव 'फाइल्स बाय गूगल' झाले. अशी चित्रे आणि दुबार फाइली शोधून काढून टाकण्याची सोय त्यात आहे. आपल्याकडे दर जुम्म्याला आणि दोन्ही ईदला येणारी चित्रे काही कमी नसतात. दुआ मनापासून स्वीकारावी, चित्र मात्र काढून टाकावे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचा भाग आहे. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुष्कळदा पुढे ढकललेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या जातात. आठवड्यातून एकदा तिथे नजर टाकली तरी पुरते. चुकून काही पुसले गेले तर हातपाय गाळू नये. बहुतेक फोनमध्ये पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि तिथून परत आणता येते. व्हॉट्सॲपमधूनच पुसलेली फाइल मात्र त्या पेटीत सापडेलच असे नाही, म्हणून कामाचा कागद आधी 'घरचे कागद'मध्ये ठेवावा आणि मगच सफाईला बसावे.

कागद कोणत्या रूपात ठेवावा, हेही समजून घ्यायला हवे. सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेल्या दाखल्यात डिजिटल सही किंवा तपासणीचा कोड असतो. सातबारा घ्या, तो १५ रुपये भरून डिजिटल सहीसह मिळतो. त्याची मूळ पीडीएफ तशीच ठेवावी. स्क्रीनशॉट काढला की सही त्यात येत नाही, नुसते चित्र उरते. जुना कागद फोटो काढून पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर 'दस्तऐवज' म्हणून पाठवावा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि रजिस्टरातली पुसट अक्षरे आणखी पुसट होतात. याउलट ऑनलाइन अर्जात लहान फाइल मागतात. एका एमबीत सुमारे हजार केबी असतात आणि फोनने काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो, म्हणून अर्ज तो घेत नाही. अशा वेळी अर्जासाठी लहान नक्कल करावी, मोठी मूळ प्रत पुसू नये.

आधार, गुणपत्रिका, वाहन परवाना यांसाठी १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेले डिजिलॉकर आहे. त्यात सरकारी खात्याने स्वतः दिलेला कागद २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. दहावी-बारावीची गुणपत्रिका तिथे मिळते. फोन हरवला तरी ते कागद जात नाहीत, मात्र आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. रिचार्ज नाही म्हणून जुने सिम फेकून देण्याआधी हे आठवावे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. तो कोणालाही ताडता येईल इतका सोपा आहे. म्हणून आधार मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नये. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उतरवला असेल तर काम झाल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुसायला सांगावे. जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे आधार द्यावे. दुसरी गोष्ट फाइलच्या शेपटीची. कागद असेल तर नावाच्या शेवटी पीडीएफ असते, चित्र असेल तर जेपीजी. शेवटी एपीके असेल तर तो कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारे ॲप आहे. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून अशा फाइली पाठवून बँक खाती रिकामी केली गेली आहेत. दावतनामा एपीकेमध्ये येत नाही. उघडू नये, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे सगळे मुलांना येते. प्रश्न आहे तो घरातल्या बायकांचा. "अम्मीला कशाला त्रास, मी आहे ना," असे मुलगा प्रेमाने म्हणतो. पण मुलगा कामाला जातो, कंपनीत फोन जमा करून घेतात, मुलगी लग्न होऊन सासरी जाते, आणि माणसाच्या हयातीचा भरवसा कोणी द्यावा? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. लिहिणे आणि साक्षीदार ठेवणे या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र सांगितल्या आहेत. घरच्या कागदांनाही एक साक्षीदार हवा. ज्या अम्मीने तीस वर्षे पेटी सांभाळली, तिला एक फोल्डर उघडता येणार नाही असे आम्हाला वाटत नाही. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलींना आम्ही सुट्टीत घरचा अभ्यास म्हणून दादीला 'फाइल्स' उघडायला शिकवण्याचे काम दिले होते. बहुतेक दाद्यांना आठ-दहा दिवसांत जमले. एका दादीने तर नातीलाच सांगितले की बाळाच्या लसीकरणाचा कागद चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे.

तेव्हा या महिन्यात एखाद्या जुम्म्याला मगरिबनंतर घरातल्या सर्वांनी अर्धा तास बसावे. टीव्ही बंद ठेवावा. सर्वांत आधी जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, निकाहनामा, दादांचा उतारा आणि बँकेचे पासबुक एवढेच हाती घ्यावे. त्यांना नावे द्यावीत, एका फोल्डरमध्ये ठेवावे आणि ते फोल्डर दुसऱ्या एका फोनवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवावे. सर्वांत महत्त्वाच्या पाच-सहा कागदांची छापील प्रत काढून घरात ठेवावी. फोनचे कुलूप कसे उघडते ते घरच्या आणखी एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे. मग फोन अम्मीच्या हातात द्यावा आणि म्हणावे, "दादांचा उतारा काढून दाखवा." पहिल्यांदा वेळ लागला तर मध्ये बोलू नये, हातातून फोन घेऊ नये. तिने स्वतः काढून दाखवला की त्या दिवसाचे काम झाले. बाकीचे कागद पुढच्या जुम्म्याला, इन्शाअल्लाह.